पोत्यातली तार

पुण्यातल्या मार्केट यार्डाच्या वाट्याला शांत पहाट येत नाही. भाजीचे ट्रक रात्रीच लागलेले असतात, हमालांच्या हातगाड्या फिरू लागलेल्या असतात. ७ मेगाहर्ट्झवर आपल्याकडची हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, मंडळी सकाळीच गप्पांना येतात, म्हणून मीही लवकर उठतो. घर गंगाधाम चौकाच्या वाटेवर. गच्चीवर दोन्ही अंगांना १०-१० मीटर तार ताणून डायपोल बांधला आहे.

गेल्या पावसाळ्यात सॉफ्टरॉक जातीचा छोटा रिसीव्हर जुळवला. तो अँटेनावरून आलेल्या रेडिओलहरींच्या पट्ट्याचे दोन ऑडिओ सिग्नल करतो. दोन्ही सारखेच, फक्त एक दुसऱ्याच्या पाव चक्र मागे. एक स्टीरिओच्या डाव्या वाटेने संगणकात जातो, दुसरा उजव्या. स्टेशन निवडणं, गाळणं, ऐकवणं हे पुढचं काम सॉफ्टवेअरचं. म्हणजे मधली ऑडिओ केबल हा रेडिओचाच एक अवयव. मी हे वाचलं होतं, पण पटलं ते हात घातल्यावर.

पहिल्या दिवशी प्रत्येक स्टेशन पडद्यावर दोनदा दिसलं. मधल्या रेषेच्या एका बाजूला खरं, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर त्याची सावली. लॅपटॉपला जॅक एकच, चार कप्प्यांच्या पिनेचा. टोकाला डावा हेडफोन, मग उजवा, मग ग्राउंड आणि बुडाशी माइक. आत जायला वाट एकटी माइकची, त्यामुळे दुसरा सिग्नल दारातच राहिला. आणि एकाच सिग्नलवरून स्टेशन मधल्या रेषेच्या वर आहे की खाली, हे संगणकाला कळत नाही. शेवटी स्टीरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. ९६ किलोहर्ट्झचं, म्हणून तेवढा पट्टा एका वेळी समोर दिसू लागला.

सावली फिकी झाली, पण गेली नाही. शिवाय मध्यभागी ५० हर्ट्झची घूं बसली होती. आधी संशय यार्डावर गेला. इतके दिवे, मोटारी, इलेक्ट्रॉनिक काटे! पण अँटेना काढली तरी घूं तशीच. म्हणजे ती बाहेरून येत नव्हती, टेबलावरच होती. मी केबलची पिन बोटाने फिरवून पाहिली, तर सावली एकदम गडद झाली.

अण्णा मागे उभे होते. भुसार विभागात एका गाळ्यावर ते तीस वर्षं दिवाणजी होते. "वरून काय बघतोस रे? पोत्यात नळी घाल," म्हणाले. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, मग भाव बोलायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी कात्री घेतली आणि तयार केबल चिरली. वरून जाडजूड दिसत होती, आत निम्मं प्लॅस्टिकच. शील्ड म्हणून केसासारख्या पाच-सात तारा गुंडाळलेल्या, मध्ये उघड्या फटी.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराला विचारलं, "काका, एक वीत कापून बघू का?" त्यांनी स्वतःच चाकू दिला. दोन गाभे, प्रत्येकाभोवती स्वतःची दाट जाळी, अशी केबल मीटरवर घेतली. पिना धातूच्या आवरणाच्या, केबल बुडाशी घट्ट धरणाऱ्या. दोन मीटरचा मोह टाळून केबल दोन विती ठेवली.

पिन इतकी महत्त्वाची का, ते सांगायलाच हवं. लाइन-इनचा रोध साधारण १० किलोओहम असतो. एका बाजूची पिन सैल होऊन तिथे १०० ओहमचा अडथळा आला, तर त्या बाजूचा सिग्नल १ टक्क्याने घटतो. एवढ्याशा फरकानेही सावली खऱ्या स्टेशनच्या फक्त ४६ डेसिबल खाली राहते. शेजारी जोरदार स्टेशन असलं, की त्याची सावली दूरच्या क्षीण आवाजावर पडते आणि तो हरवतो.

नव्या केबलने सावली गेली, घूं मात्र उरलीच होती. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली! रिसीव्हरचा अडॅप्टर आणि चार्जर दोन वेगळ्या सॉकेटना होते, दोघांची अर्थिंग केबलच्या जाळीतून जोडली जाऊन फेरा तयार झाला होता. अशा वेळी १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावतात, पण या जोडवाटेवर तो मला पटला नाही. दोन ट्रान्सफॉर्मर तंतोतंत सारखे नसतात, आणि पाव चक्राचं अंतर तिथेच बिघडतं. मी रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला. ट्रान्सफॉर्मर लावला तो संगणकातून माझ्या ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या केबलवर, तिथे एकच वाट आहे. त्याच केबलला फेराइटच्या कड्यातून सात वेढे दिले, कारण प्रक्षेपण सुरू झालं की गच्चीवरची ऊर्जा याच तारेतून घरात शिरत होती.

मग एका सकाळी अण्णा चहा घेऊन बसले. पडद्यावर एकच उभी रेघ, पलीकडची बाजू काळी. आवाज स्वच्छ आला.

"कुठला हा?"

"कोल्हापूरचा."

"गुळाच्या ढेपा तिकडून यायच्या," अण्णा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.