सूत्र नको, लीळा सांगा

तंत्रज्ञानातल्या जाणकार माणसाची मुलाखत घ्यायला बसलं की शेवटचा प्रश्न आधीच ठरलेला असतो: ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ त्याच्या आधीचाही ठरलेला असतो: ‘येत्या दहा वर्षांत काय बदल होतील?’ दोन्हींची उत्तरं समोरच्याकडे इस्त्री करून घडी घातलेल्या शर्टासारखी तयार असतात. तो काढून देतो, आपण घेतो आणि छापतो. शिकत राहा, अपयशाला घाबरू नका, ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवा. यातलं काहीच खोटं नसतं. पण एवढं ऐकण्यासाठी बंगळूरच्या रहदारीत दोन तास घालवून कुणाच्या दारात जायची गरज नसते.

गेली चौदा वर्षं मी या शहरात हेच काम करते. इंजिनिअरांना भेटते, बोलतं करते, इंग्रजीत लिहिते. टिपणं मात्र मराठीत काढते, कारण हात त्याच भाषेत वेगाने चालतो. या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. जी मुलाखत घेताना छान रंगली असं वाटतं, ती पुष्कळदा छापल्यावर कुणाच्या उपयोगी पडत नाही. आणि जी अडखळत, थांबत, कागदावर चौकोन काढत झाली, तिची कात्रणं लोक जपून ठेवतात.

याचं कारण मला तंत्रज्ञानावरच्या पुस्तकांआधी मराठीतल्या एका फार जुन्या ग्रंथात सापडलं. मराठी गद्याच्या अगदी आरंभीचा ग्रंथ हा एका अर्थी मुलाखतींचं फळ आहे. तेराव्या शतकात, चक्रधरस्वामी गेल्यानंतर, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ज्यांच्याशी ते बोलले होते, त्यांच्याकडे जाऊन विचारलं. मिळालेलं नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. त्यातली एकेक लीळा छोटी असते. गाव कुठलं, सोबत कोण होतं, कुणी काय विचारलं, त्यावर काय उत्तर मिळालं, एवढंच. पुढे केसोबासांनी यातली वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. सूत्रं पाठ करायला सोपी. पण सूत्र कुठल्या प्रसंगी आणि कुणाला उद्देशून निघालं हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, हेही महानुभावांनीच ओळखलं होतं. त्या प्रसंगाला ते ‘प्रकरण’ म्हणतात, आणि ही प्रकरणं सांगणारं लेखनही त्या परंपरेत झालं.

आजचे तज्ज्ञ आपल्या हाती सूत्रपाठ देतात. लीळा त्यांच्याकडेच राहून जाते.

यात त्यांचा अहंकार असतोच असं नाही. अनेकदा आपल्याला काय येतं हे त्यांना स्वतःलाच दिसत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करत होते. आगीसमोर उभं राहून निर्णय कसा घेता, असं विचारल्यावर अनुभवी अधिकारी म्हणत, आम्ही निर्णय घेतच नाही, काय करायचं ते समोर दिसतंच. प्रश्न तसाच विचारत राहिले असते तर हाती काही लागलं नसतं. क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एकेक अवघड आग धरली. आधी काय दिसलं, मग काय केलं, कुठल्या क्षणी अंदाज बदलला, असं क्रमाने विचारलं. धुराचा रंग, पायाखालच्या जमिनीची धग, शिडी कुठे लावली, असे तपशील बाहेर आले की त्यामागचं ज्ञानही दिसू लागतं.

संगणकाच्या जगात हेच काम एका माणसाने स्वतःपुरतं करून ठेवलं आहे. डोनाल्ड नुथ यांनी पुस्तकं जुळवण्यासाठी ‘टेक’ ही प्रणाली लिहिली आणि तिच्यात दहा वर्षांत जे जे बदल करावे लागले त्यांची वही ठेवली. १९८९ साली त्यांनी ती यादी प्रसिद्ध केली. आठशेहून अधिक नोंदी, प्रत्येक चूक कुठल्या प्रकारची होती यासह. चांगली प्रणाली कशी लिहावी यावर त्यांनी दहा सूत्रं दिली असती तर ती दहा ठिकाणी उद्धृत झाली असती. ही यादी तशी उद्धृत करता येत नाही. ती शेजारी ठेवून काम करता येतं.

पण सगळे नुथ नसतात. बाकीच्यांना कुणीतरी विचारावं लागतं, आणि विचारताना मराठीतले दोन छोटे शब्द मला फार उपयोगी पडले: ‘का’ आणि ‘कसं’. ‘का’ हा शब्द आपण लहानपणापासून दटावणीत ऐकलेला आहे. का उशीर झाला? का सांडलं? ‘का’ म्हटलं की माणूस सावध होतो, कारण शोधतो, आणि सापडलेलं कारण बहुधा त्याला शोभेल असंच असतं. ‘कसं झालं?’ म्हटलं की तो सांगू लागतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनीही आपल्या अनुभवावरून ‘का’ऐवजी ‘कसं’ विचारावं असं लिहून ठेवलं आहे. मराठी माणसाला हे पटवायला त्यांची साक्ष लागू नये.

आता ज्या एका मुलाखतीने मला हे सगळं शिकवलं तिच्याविषयी.

गृहस्थ बेळगावचे. एका बँकेत फोनवरून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांची यंत्रणा सांभाळणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खोलीत बँकेचे जनसंपर्क अधिकारीही बसले होते. पहिला पाऊण तास इंग्रजीत गेला. विश्वासार्हता, सुरक्षितता, कृत्रिम बुद्धिमत्ता. मग मी विचारलं, गेल्या वर्षी पगाराच्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडचे व्यवहार अडकले होते, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी कशाकडे पाहिलंत? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मराठीत म्हणाले, “घड्याळाकडे. सात वाजून गेलेले. म्हटलं, आता लोकं भाजीला बाहेर पडली असणार.”

आणि मग ते बोलत गेले. यंत्रणा मंदावली की लोक थांबत नाहीत. “एकदा नाही झालं की परत बटण दाबूलालेत,” ते म्हणाले. फोनमधलं ॲपही आपणहून पुन्हा विचारणा करतं: पैसे गेले का, गेले का? म्हणजे शंभर गिऱ्हाइकांची गर्दी तीनशेची होते. जितकी मंद, तितकी गर्दी. जितकी गर्दी, तितकी आणखी मंद. मी विचारलं, मग जास्त यंत्रं का नाही जोडायची? ते हसले. “काउंटर वाढवले तरी खात्यांची मूळ वही एकच ना. सगळे कारकून त्याच वहीपाशी रांग लावणार.” त्यांनी माझ्याच वहीत तीन चौकोन आणि एक बाण काढून दाखवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

“मग काय केलंत?”

“अर्ध्या लोकांना दार बंद केलं.”

जनसंपर्क अधिकारी खुर्चीत पुढे सरकले. काका थांबले नाहीत. खाते क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल त्यांना आत घ्यायचं, विषम असेल त्यांना लगेच नकार द्यायचा. ताटकळत ठेवायचं नाही, स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं, म्हणजे माणूस खिशातून नोट तरी काढतो. पाच मिनिटांनी उलट करायचं. वीस-बावीस मिनिटांत गर्दी ओसरली. सगळ्यांना आत घ्यायचा हट्ट धरला असता तर एकाचंही काम झालं नसतं.

पाऊण तास आम्ही ‘विश्वासार्हता’ या शब्दाभोवती फिरत होतो. त्या शब्दाचा अर्थ मला या चार वाक्यांत कळला.

भाषा बदलल्यावर ते मोकळे झाले हे खरं, पण मातृभाषेत बोललं की माणूस आपोआप खरं बोलतो असा माझा दावा नाही. मराठीतही धुकं पुष्कळ आहे. ‘सर्वसमावेशक’, ‘दिशादर्शक’, ‘कटिबद्ध’ हे शब्द कुठल्याही इंग्रजी शब्दाइतके पोकळ वाजू शकतात. फरक असा पडतो की रोजच्या इंग्रजी शब्दांची तयार गाडी अचानक मिळेनाशी होते आणि माणसाला चालत जावं लागतं. ‘लोड’ म्हणायचं सोडलं की गर्दी म्हणावं लागतं, आणि गर्दी म्हटलं की तिच्यात माणसं दिसतात. तमिळ, बंगाली, मल्याळम बोलणाऱ्या इंजिनिअरांशी बोलतानाही मी हे पाहिलं आहे. मी एवढंच म्हणते, “हे घरी आईला कसं सांगाल?” मग त्यांच्या भाषेतले दोन-तीन शब्द येतात, ते अर्थ समजावतात, आणि समजावताना स्वतःच थबकतात.

मजकूर तयार झाल्यावर मी तो काकांना तपासायला पाठवला. म्हाइंभटांनीही हेच केलं होतं. पण तपासून घेणं वेगळं आणि धुऊन घेणं वेगळं. बँकेकडून उत्तर आलं की ‘दार बंद केलं’ऐवजी ‘भाराचं सुयोग्य नियोजन केलं’ असं करावं. काकांचं उत्तर वेगळं आलं. वाक्य राहू दे, बँकेचं नाव काढा. आणि खाली एक ओळ: दर पाच मिनिटांनी उलट करायची कल्पना माझी नव्हती, त्या रात्री ड्युटीवर असलेल्या मुलीची होती, तिच्याशीही बोला.

ती सव्वीस वर्षांची, हुबळीची. तिने जे सांगितलं ते काकांनी सांगितलंच नव्हतं. मधेच वरून फोन आला होता: मोठ्या ठेवीदारांना आधी आत घ्या. तशी यादी करणं अवघड नव्हतं. काका फोन ठेवून दोन मिनिटं हात मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मग म्हणाले, शेवटचा अंक बघून कर. अंकाला कुणाची ओळख नसते. दवाखाने आणि औषधाची दुकानं वेगळी काढता आली असती, असंही ती म्हणाली, कारण दुकानदार कुठल्या धंद्यातला आहे याचा संकेतांक व्यवहारासोबत येतो. पण तशी सोय त्या रात्री तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी काकांनी पहिलं काम ते करून घेतलं.

मी काकांना विचारलं, हे तुम्ही सांगितलं नाहीत? म्हणाले, “त्यात काय सांगायचं?”

मुलाखतीतलं मोलाचं ज्ञान असं ‘त्यात काय सांगायचं’च्या मागे लपलेलं असतं. करणाऱ्याला ते ज्ञान वाटत नाही, शेजारी बसलेल्याला मात्र दिसतं. ‘लीळाचरित्र’ एका माणसाच्या साक्षीवर उभं नाही. त्यात बाइसा आहेत, महादाइसा आहेत. ज्या महादाइसेला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो, ती त्या परंपरेत प्रश्न विचारणारी म्हणूनही ओळखली जाते. तिने विचारलं म्हणून कितीतरी गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या.

हे सगळं कशासाठी? यंत्रं कशी चालावीत याचे निर्णय आज थोड्या खोल्यांत होतात आणि त्यांचे परिणाम भाजीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसावर होतात. सगळ्यांना पुरत नाही तेव्हा आत कुणाला घ्यायचं हा प्रश्न यंत्राचा नाही. रेशनच्या रांगेतही तो हाच असतो. रांग डोळ्यांना दिसते म्हणून तिथे भांडता तरी येतं. यंत्रातली रांग दिसत नाही. ती दाखवू शकणारी माणसं एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि आपण त्यांना तरुणांसाठी संदेश विचारतो आहोत.

ती मुलाखत छापून आल्यावर एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी कळवलं की त्यांनी ती वर्गात दिली आणि मुलांना प्रश्न घातला: तुमची यंत्रणा निम्म्याच लोकांना पुरेल, कुणाला आत घ्याल, दहा ओळींत लिहा. त्या वर्गात पहिल्यांदाच तासाची घंटा झाल्यावरही कुणी उठलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

आता माझ्या वहीत संदेशाचा प्रश्न नसतो. त्याच्या जागी एक साधा प्रश्न असतो, आणि तो विचारल्यावर बहुतेक वेळा एखादं नाव मिळतं, त्या नावाचा पत्ता मिळतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं: “तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?”