दुखरा खांदा

वीस वर्षे फळ्यावर लिहिण्यात आणि वह्यांवर मान घालण्यात गेल्यावर उजवा खांदा कुरकुरू लागला, तर त्यात नवल ते काय! तेल झाले, शेक झाला, लेप झाला. अखेर सौभाग्यवतींनी हाकललेच, तेव्हा फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेलो.

वाटले होते, बाई दुखरी जागा धरून चांगली रगडतील. त्यांनी मला नुसते उभे केले आणि मागून, बाजूने न्याहाळत राहिल्या. मग उताणे निजवून म्हणाल्या, "सर, सावकाश डोके उचला." उचलले, पण आधी हनुवटीच पुढे आली. हात डोक्यावरून मागे टाकले, ते काही टेकेनात.

"गळ्याचे आतले स्नायू दुबळे, छातीचे आखडलेले, पाठीवर खांद्याखालचे आळसावलेले. या सगळ्यांची कामे हा बिचारा वरचा ओढतोय. दुखेल नाही तर काय!"

प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांदा (१९२८–२००२) यांनी ही खूण ओळखून मांडली म्हणे. आखडलेल्यांची एक रेघ, दुबळ्यांची दुसरी. दोन्ही मिळून फुली. यांदांना स्वतःला पंधराव्या वर्षी पोलिओ झाला होता.

बाईंनी मान कलती केली, डोक्याला हात लावला आणि मला दहा मोजेपर्यंत अगदी हलके रेटायला सांगितले. मग श्वास सोडून सैल. हट्टी स्नायू आपण होऊन लांबला! दुबळ्यांचे व्यायाम त्यानंतर. "आधी आखडलेल्याला सोडवायचे, मग झोपलेल्याला उठवायचे. नाही तर कामाला पुन्हा तोच धावतो."

घरी आलो तो स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. भाजणी दळून आणायची राहिली होती. "तुझा स्वभावच मुळी तापट," हे माझे वीस वर्षांचे वाक्य ओठांवर आले आणि तिथेच थांबले. या घरात आळसावलेला स्नायू कोण, हे सांगायला बाईंची गरज नव्हती.

डबा उचलून गिरणीवर गेलो. रात्री सोऱ्याही मीच धरला. माझ्या चकल्या तुटल्या, काहींना वळणच पडेना. ती पाटावर बसून पाहत होती. खूप वर्षांनी तिचे खांदे खाली उतरलेले दिसले.

"अहो, जरा हलक्या हाताने," ती म्हणाली आणि हसली.