थेंब आणि सुई

डोळ्यांत थेंब घालणें दिसावयास किती सोपें! मान मागें, पापणी खालीं, कुपी दाबली कीं झालें. काचबिंदूमुळें आमच्या मातोश्रींस हा विधि नित्याचा झाला आहे. आणि थेंब पडतांच ‘घशांत कडू आलें’ ही त्यांची तक्रारही नित्याचीच.

या तक्रारींत नेत्रवैद्यकाची मोठी अडचण सांठलेली आहे. थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरांचा. डोळ्यावरील अश्रूंचा थर अवघा ७ मायक्रोलिटरांच्या आसपास. उरलेलें औषध गालावर ओघळतें, नाहीं तर अश्रुनलिकेनें नाकावाटे घशांत उतरतें. (थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा मिनिटभर दाबून धरावा, असें वैद्य सांगतात तें याचसाठीं.) शेंकडा ५ भागही बहुधा आंत पोंचत नाहींत. दोष कुपीचा नव्हे. डोळ्याचे पहारेकरी धूळ व औषध यांत भेद करीत नाहींत, इतकेंच.

मागच्या पडद्यापर्यंत तर थेंब जवळजवळ जातच नाहीं. म्हणून मधुमेहानें किंवा वार्धक्यानें त्या पडद्यास बाधा झाली म्हणजे औषध सुईनें थेट नेत्रगोलांत घालावें लागतें, आणि कित्येकांस तें महिन्या-दोन महिन्यांनीं. आमच्या काकांनीं तिसऱ्या सुईनंतर जाणें सोडलें. सुई दुखते म्हणून नव्हे, डोळा आधीं बधिर करितात. प्रत्येक खेपेस मुलास रजा काढावी लागते म्हणून. आतां त्यांस समोरच्या माणसाचा चेहरा सोडून बाकी सारें दिसतें.

अशांच्या आशेचें नवें नांव नॅनोकण. मीटरचा अब्जावा भाग तो नॅनोमीटर. असल्या कांहीं दहा ते कांहीं शें नॅनोमीटरांच्या पुडींत औषध बांधावें, म्हणजे तें अश्रूंबरोबर वाहून न जातां टिकून राहील, हा हेतु. सायक्लोस्पोरिन पाण्यांत विरघळत नाहीं. तें अशा सूक्ष्म गोलकांत कोंडून केलेले थेंब २०१८ सालीं अमेरिकेंत मंजूर झाले. परंतु ते डोळ्याच्या कोरडेपणासाठीं, म्हणजे ओटीपुरते. माजघराची गोष्ट निराळी. तेथें सोडलेले कण दृष्टीआड येऊं नयेत, त्यांनीं दाह करूं नये, आणि औषध एकदम न सांडतां महिनोन्महिने झिरपावें, हें सारें एकाच वेळीं साधावें लागतें.

वर्तमानपत्रांस एवढा धीर नसतो. ‘अंधत्वावर रामबाण’ अशा मथळ्यांचा आम्हांस मनस्वी राग येतो. काका मात्र तीं कात्रणें आमच्याकडून वाचून घेतात. परवां सर्व ऐकून ते एवढेंच म्हणाले, “थेंब राहूं दे. महिन्याची सुई सहा महिन्यांची झाली, तरी मी जाईन.”