धामणीच्या विष्ठेतला हिरवा रंग

डिचोली

चि. विनय,

तुझे पत्र पोचले. भाटाच्या कुंपणाला लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यातून तू धामण सोडवलीस, हे फार चांगले केलेस. पेडण्याला असे जाळ्यात अडकलेले साप दर पावसाळ्यात सापडतात, आणि सगळ्यांच्याच नशिबी कात्री घेऊन धावणारा कोणी नसतो.

आता तुझा प्रश्न. विष्ठेतला पांढरा खडूसारखा भाग बघून घाबरू नकोस. सापाला मूत्राशय नसते. त्याची लघवी युरिक आम्लाच्या घट्ट रूपात विष्ठेबरोबर एकाच वाटेने बाहेर पडते. भिंतीवरच्या पालीच्या लेंडीला पांढरे टोक असते ना, ते हेच. विष्ठा तपकिरी-काळपट आणि तिच्यात उंदराचे केस, हे तर निरोगी सापाचे लक्षण.

मात्र तू लिहितोस की पांढरा भागच हिरवट झाला आहे. हा रंग पित्ताचा. माणसाच्या शरीरात पित्तातले हिरवे द्रव्य पुढे पिवळे होते. सापाच्या शरीरात ते बहुतेक हिरवेच राहते. साप बरेच दिवस उपाशी असला किंवा यकृत बिघडले, तर ते लघवीत उतरते. तू घरी पेटीत ठेवल्यापासून धामणीने काहीच खाल्लेले नाही, म्हणून मला आधी उपासाची शंका येते. पण नुसत्या रंगावरून यकृताचा निर्वाळा कोणीच देऊ शकत नाही, मीही नाही. लाल रक्त दिसले किंवा विष्ठा डांबरासारखी काळी-चिकट झाली, तर एक दिवसही थांबू नये. शेंबडासारखी, कुजकट वासाची विष्ठा जंतांमुळे किंवा अमिबामुळेही होते. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते आणि नमुना ताजा लागतो. स्वच्छ झाकणाच्या डबीत भरून त्याच दिवशी तपासणीसाठी पोचव. नंतर साबणाने हात धू. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, आणि तुझ्या घरात तान्हे बाळ आहे.

कोणी सांगितले म्हणून दूध पाजू नकोस, ते तिला पचत नाही. दुकानातून जंताचे औषध आणूनही देऊ नकोस. औषधाची मात्रा वजनावर ठरते.

आणखी एक, आणि हे मी आत्या म्हणून नव्हे, गुरांची डॉक्टर म्हणून सांगते. आपल्याकडचा कोणताही रानटी साप घरात पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर धामण तर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच अनुसूचीत. तुझी माया खरी आहे, पण ओलसर पुठ्ठ्याच्या पेटीत तिला ऊब मिळत नाही, आणि ऊब नसेल तर सापाचे अन्न पोटातच सडते. बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय वनखातेच चालवते. अशा सोडवलेल्या जनावराचे पुढे काय करायचे हे त्या लोकांना कळते. म्हणून हे पत्र वाचून झाले की लगेच वनखात्याला फोन कर आणि ती डबी धामणीबरोबरच त्यांच्या हाती दे.

तुझी,
आत्या