वासराचा वाटा

मराठी दिवाळीचा पहिला दिवस बिनदुधाचा असतो, असं मी वर्गात सांगते तेव्हा नव्या बायकांचा आधी विश्वास बसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, खरंच की, आमच्या आजी वसुबारसेला दुधाच्या थेंबाला शिवायच्या नाहीत." आश्विन वद्य द्वादशीला सवत्स गाईची पूजा करायची, दूध-दही-तूप वर्ज्य करायचं, गहू-मूगही टाळायचे आणि संध्याकाळी बाजरीची भाकरी, गवारीची भाजी खाऊन उपास सोडायचा. घरोघरी तपशील बदलतो, पण दूध वर्ज्य हे बहुतेक ठिकाणी कायम. मला त्यातून सरळ अर्थ दिसतो : वर्षातला एक दिवस तरी वासराचा वाटा वासराला.

व्हीगन स्वयंपाक शिकवणं आणि त्यावर लिहिणं हे माझं काम. म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, तूप आणि मधही नाही. देवाच्या पंचामृतातले पाचापैकी चार पदार्थ माझ्या यादीतून बाद. पाडव्याला व्यापारी वह्या बदलतात, तशी मीही या सुमारास वर्षभराच्या नोंदी चाळते. यंदा चाळताना एक गोष्ट पक्की झाली. मराठी घराला व्हीगन स्वयंपाक बाहेरून आणावा लागत नाही, तो बराचसा घरात आहेच. अवघड आहे ते दोनच ठिकाणी : तुपाच्या डब्यापाशी आणि दूध उत्पादकाच्या दारात.

"मग दिवाळीत तुम्ही खाता तरी काय?" या प्रश्नाला माझं उत्तर लांबलचक असतं. चिवडा, शेव, कडबोळी आणि लोणी न घालता केलेली चकली यांना दुधाची गरजच नसते. शंकरपाळ्यांत दुधाऐवजी पाणी किंवा नारळाचं दूध चालतं. त्यांचा खुसखुशीतपणा मोहनामुळे येतो, कारण स्निग्धांश पिठाच्या कणांभोवती बसतो आणि पीठ चिवट होऊ देत नाही. ते काम कडकडीत तेल चोख करतं. करंजीचं सारण खोबऱ्याचं, पारी पाण्यात भिजवलेली, साट्याला तुपाच्या जागी खोबरेल. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे. यात तूप येतं ते बहुधा तळणीला, आणि अनारसा तेलात फुटत नाही. फुटतो तो पीठ नीट मुरलं नसेल तर.

खरी परीक्षा बेसनाच्या लाडवाची. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. दिवाळीच्या थंड पहाटे लाडू टणक असतो, दुपारी उन्हं चढली की तोच ताटात बसका होतो. म्हणून मी निम्मं खोबरेल आणि निम्मी काजूची घट्ट पेस्ट वापरते, बेसन अगदी मंद आचेवर भाजते आणि वेलदोड्याबरोबर जायफळही घालते. तुपातल्या लाडवाची चव येते का? नाही. हा वेगळा लाडू आहे, आणि चांगला आहे. वनस्पती तुपाचा सोपा मार्ग मात्र मी सुचवत नाही. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली असली तरी त्याची टाळूला चिकटणारी चव काही गेलेली नाही.

बाजारही बदलला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी नियम केले आणि वेगळं हिरवं चिन्ह ठरवलं. शहरातल्या दुकानांत ओटचं, बदामाचं, सोयाचं दूध दिसतं, गाईच्या दुधाच्या कितीतरी पट महाग. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ते खोके विसरायला सांगते. शेंगदाणे भिजवून वाटले, गाळले, उकळले की दूध होतं. ते कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीची देठं टाकली की विरजण लागतं. चहात सोयाचं दूध फाटतं ते चहाच्या आंबटपणाने आणि उष्णतेने. दूध आधी कोमट करून त्यावर चहा ओतला तर बहुधा निभावतं. त्याहून सोपा उपाय कोकणात आहेच : गवती चहा, आलं, गूळ घातलेला कोरा चहा.

आरोग्याबद्दल मी गोड बोलत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. व्हीगन माणसाने त्याची गोळी घ्यायलाच हवी, यात तडजोड नाही. पण पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे संशोधन केलं त्यात ही कमतरता दूध पिणाऱ्या आपल्या लोकांतही सर्रास आढळली. तेव्हा दूध पितो म्हणून निर्धास्त राहू नये. कॅल्शियमचं म्हणाल तर १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. मात्र नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही. ती मोड आणून घेतली तर अधिक लागतं.

दूध उत्पादकाच्या दारात मात्र पाककृती उपयोगी पडत नाही. १९७० मध्ये 'दुधाचा महापूर' योजना सुरू झाली आणि आज दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २४ कोटी टन दूध निघालं. दुष्काळी गावात संकलन केंद्राकडून फॅट पाहून मिळणारं दुधाचं बिल हा घरातला एकमेव नियमित रोख पैसा असतो. पण गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. ट्रॅक्टर आल्यावर त्याला काम उरलं नाही. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे त्याला घेणारा मिळत नाही. म्हशीच्या रेडकाची वाट वेगळी, ती खाटकाकडे जाते. कालवडच व्हावी म्हणून निवडक रेतमात्रा आता मिळतात. त्यातूनच कळतं की नर वासरू या व्यवसायाला नको आहे. त्याच्या पोषणाचा खर्च दुधाच्या दरात कुणी धरत नाही, तो शेतकऱ्याच्या किंवा वासराच्या अंगावर पडतो. शहरात बसून त्या शेतकऱ्याला निर्दय म्हणणाऱ्या व्हीगन मंडळींशी माझं पटत नाही, आणि पिशवीतलं दूध आपोआप येतं असं मानणाऱ्यांशीही. शेतकऱ्याची तूर, नाचणी, भुईमूग आपण चांगल्या दराने घेतला, तर त्याला दुसऱ्या रोख पैशाची वाट मिळेल. त्याआधी दूध सोडा म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

कपाटाचंही तसंच. रेशमासाठी कोश उकळतात, म्हणून नवी पैठणी मी घेत नाही. आईची आहे, ती नेसते. विणली गेलेली साडी टाकून एकही किडा परत येत नाही.

वाचकांकडे एकच मागणं आहे. दूध सोडा असं मी सांगत नाही. यंदा फराळाचे डबे शेजारी पाठवाल तेव्हा प्रत्येकावर 'तुपातलं' की 'तेलातलं', दूध आहे की नाही, एवढी चिठ्ठी चिकटवा. माझ्यासारख्यांना विचारत बसावं लागणार नाही, दूध न पचणाऱ्यांचीही सोय होईल, आणि आपण काय खातो ते करणाऱ्यालाही एकदा नीट दिसेल.