सव्वीस हेक्टर

नागपूरच्या माणसाला समुद्र लांबचा. बेट म्हणजे शाळेच्या भूगोलातली एका ओळीची व्याख्या, पाठ केलेली आणि विसरलेली. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर्गजवळ होडीत बसलो आणि काही मिनिटांत ती व्याख्या पायाखाली आली. इल ओ एग्रेत. सगळं बेट २६ हेक्टर. आपल्या फुटाळा तलावात पाण्याऐवजी जमीन असती तर साधारण एवढीच असती.

वाट दाखवणाऱ्या पोराचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यांवर आलेले. घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीची आरती त्याला तोंडपाठ. मला ‘काका’ म्हणाला, तेवढीच मराठी. बाकी सगळं इंग्रजीत.

एका काळपट खोडावर त्याने हात ठेवला. एबनी. नाव ऐकून मी थबकलो. हे तर तेंदूचं कूळ! उन्हाळ्यात ज्याची पानं तोडायला आमच्याकडची गावंच्या गावं पहाटे जंगलात शिरतात, त्याचा हा भाऊबंद. पण ही जात मॉरिशसबाहेर जगात कुठेच नाही. वरच्या फांदीवर गुलाबी कबूतर बसलं होतं, पायात रंगीत कड्या. १९९० च्या सुमारास रानात अशी जेमतेम दहा उरली होती. आता शेकड्यांनी आहेत. फोटो काढायचं भानच राहिलं नाही मला.

खरं चक्रावून टाकलं ते मात्र इथे नसलेल्यांनी. मॉरिशसला मूळचा बेडूक नाही. हरीण, माकड, उंदीर, जे काही आहे ते माणसाबरोबर आलेलं. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी इथे आपणहून पोचला नाही. वटवाघळं तेवढी उडत आली. ही जमीन ज्वालामुखीतून वर आली, कुठल्याच खंडाला ती कधी जोडलेली नव्हती. कासव तरंगत येतं, बी पक्ष्याच्या पोटातून येतं. बेडकाच्या पातळ कातडीला खारं पाणी सोसत नाही, तो पलीकडच्या काठावरच राहतो. आणि आठ-नऊशे किलोमीटरवरच्या मादागास्करात बेडकांच्या शेकडो जाती, लेमूरांच्या शंभरावर! ते बेट महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, आफ्रिकेला जवळचं, आणि कधीकाळी खंडाचाच तुकडा असलेलं.

इथे जे थोडे पोचले ते मात्र बदलून गेले. डोडो कबुतराच्याच कुळातला. शिकारी कोणी नाही, मग पंख पोसायचे कशाला? १५९८ मध्ये डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला.

रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ च्या पुस्तकात याचा हिशेब मांडला. बेटावरच्या जातींची संख्या ठरते ती नवे येणारे आणि नाहीसे होणारे यांच्या मेळातून. लांबच्या बेटावर येणारे कमी, लहान बेटावर संपणारे जास्त. क्षेत्र दहाव्या हिश्श्यावर आलं की जाती ढोबळमानाने निम्म्या होतात.

“काका, तुमच्याकडे वाघ आहेत ना? केवढ्या जंगलात?”

मी बोर व्याघ्र प्रकल्प सांगितला. १३८ चौरस किलोमीटर.

“आणि भोवती समुद्र कसला?”

कापूस, म्हटलं. तूर, संत्रा, मग सिमेंटचा रस्ता. जन्मभर पाहिलेल्या त्या शेतांना मी कधी समुद्र म्हटलं नव्हतं. मग त्याला टिपेश्वरच्या सी-वन वाघाची गोष्ट सांगितली. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण नर २०१९ मध्ये निघाला, शेतं आणि महामार्ग ओलांडत, तेलंगणात शिरून परत फिरला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहतच गेला म्हणा.

“तिथे वाघीण होती?”

“नव्हती.”

तो गप्प झाला. मग मी त्याला पेंच सांगितलं. तिथे महामार्ग ४४ जंगलात जागोजागी खांबांवर उचललाय. सर्वांत लांब पूल पाऊण किलोमीटरचा. वरून ट्रक धावतात, आणि खालून जाणारे वाघ कॅमेऱ्यांत आले आहेत. होडी परत किनाऱ्याला लागेपर्यंत तो मला त्या पुलाची उंची विचारत होता, खांबांमधलं अंतर विचारत होता, आणि खाली गवत उगवतं का, ते विचारत होता.