बुंगमतीच्या अजी

मच्छिंद्रनाथ म्हटले की आमच्या घरची नवनाथांची पोथी आणि ती वाचणारी आजी, एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येई. तेच नाथ मला नेपाळात, विटांच्या ढिगाऱ्यापाशी भेटतील असे कोणी म्हटले असते, तर मी हसण्यावारी नेले असते!

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे ९ हजार माणसे दगावली. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याचे बारा विद्यार्थी मदतीला निघालो. गोरखपूरपर्यंत आगगाडी, सोनौलीची सीमा पायी, पुढे बस. आमच्या वाट्याला आले ललितपूरजवळचे बुंगमती, लाकडावर नक्षी कोरणाऱ्या नेवारांचे गाव. पडक्या घरांच्या विटा साफ करून रचायच्या आणि नक्षीची लाकडे निवडून बाजूला ठेवायची, हे आमचे काम.

चौकातले मच्छिंद्रनाथांचे देऊळ कोसळले होते. देव मात्र बचावले! बारा वर्षांनी एकदा त्यांचा रथ बुंगमतीहून निघतो. ते वर्ष नेमके तेच. धरणी हादरली तेव्हा देव रथात होते. हिंदू त्यांना मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध करुणामय म्हणतात आणि पूजा करतात ते बौद्ध पुजारी. “मग देव कोणाचा?” मी एका सुताराला विचारले. तो म्हणाला, “हा पावसाचा देव. पाऊस काय शेत विचारून पडतो?”

आम्ही राहत होतो त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना सारे ‘अजी’ म्हणत. नेवारी भाषेत आजीला अजीच म्हणतात, हे कळल्यावर मला परके वाटेना. त्यांचा नातू मात्र आमच्याशी तुटक वागे. सप्टेंबरपासून सीमेवर मालमोटारी अडकल्या होत्या. ही नाकेबंदी भारताचीच, असा तिथे रोष होता. भारत सरकार ते नाकारत होते. घरात सिलिंडर रिकामा, आणि अजी पडक्या घराच्या मोडक्या वाशांवर भात शिजवीत. नातू एकदा म्हणालाच, “दाइ, विटा उचलायला आलात. येताना गॅस का नाही आणलात?” मला उत्तर सुचले नाही.

१२ नोव्हेंबरला त्यांचे नवे वर्ष, नेपाळ संवत ११३६ लागले. त्या संध्याकाळी नेवार घरांत ‘म्हपूजा’ असते, म्हणजे आपल्याच देहाची पूजा. जमिनीवर प्रत्येकासाठी एकेक मंडल काढतात. अजींनी कतारला नोकरीसाठी गेलेल्या मुलाचेही काढले. त्याशेजारी आणखी एक होते. “हे कोणाचे?” मी विचारले. “तुझेच, बाबु. बैस!”

गळ्यात मखमली फुलांची माळ पडली, ओंजळीत आक्रोड आले, मंडलावर लांब वाती पेटल्या. मग अजींनी शकुन म्हणून उकडलेले अंडे आणि मासा पुढे केला. मी जन्माचा शाकाहारी! हात अवघडला. नातू माझ्याकडे टक लावून पाहत होता. अजींनी क्षणभर माझा चेहरा न्याहाळला, अंडे-मासा हळूच बाजूला सारून डाळीचा वडा माझ्या हातावर ठेवला आणि कपाळी टिळा लावला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नातू माझ्या बरोबरीने विटा उचलायला आला.

पुण्याला परतल्यावर मोठ्या अभिमानाने मी ही हकीकत आजीला सांगितली; धर्म राखला म्हणून ती पाठ थोपटील अशी खात्री होती. कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या माझ्या आजीने पोथी मिटली.

“अरे, मच्छिंद्रनाथ जन्मले ते मासळीच्याच पोटी! चूल पेटायची पंचाईत, तरी त्या माउलीने तुझ्यापुढे ठेवलेन्. घास घेतला असतास, तर नाथ रागावले नसते.”

मग जरा थांबून तिने विचारले, “तिला गॅस मिळाला का रे?”